तासाला दहा मिनिटं मागे

‘अमेरिकेहून परतताना विजेवर चालणारं भिंतीवरचं जुनं घड्याळ आणलं. २३० व्होल्टचे ११५ करणारा ट्रान्सफॉर्मर विकत घेऊन त्याला जोडलं, तरी ते दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. ट्रान्सफॉर्मर खराब असेल का?’ असं एका वाचकांनी विचारलं आहे.

ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे! लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी. दुसऱ्याचे फेरे पहिल्याच्या निम्मे, म्हणून व्होल्टही निम्मे. पण तबल्याचा आवाज कमी केला म्हणून ठेका संथ होत नाही, तसंच इथे. विजेचा ठेका आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनांचा, अमेरिकेत ६० चा. ट्रान्सफॉर्मर त्याला हात लावत नाही. असं घड्याळ आवर्तनं मोजतच चालतं. साठ झाली की त्याचा एक सेकंद. आपल्या विजेवर त्याला १.२ सेकंद लागतात. साठ मिनिटांत त्याची पन्नासच भरतात.

हा पेच एका अख्ख्या देशाला पडला आहे. १८९५ मध्ये टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ५० हर्ट्झची. पुढच्याच वर्षी ओसाकाने अमेरिकी, ६० ची. व्होल्ट दोन्हीकडे १००, ठेके मात्र आजही वेगळे. २०११ च्या भूकंपानंतर पूर्व जपान विजेसाठी तळमळत होता आणि पश्चिमेकडची वीज ठेका बदलणाऱ्या मोजक्या केंद्रांतून येईल तेवढीच मिळत होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खरेदीचा परिणाम इतका लांबवर पोहोचतो, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

म्हणून परदेशी उपकरणाच्या पाटीवर व्होल्टच्या शेजारचा आकडाही वाचा. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल, तर ट्रान्सफॉर्मर नकोच. इस्त्री, टोस्टरला ठेक्याचं सोयरसुतक नाही. ट्रान्सफॉर्मर मात्र त्यांच्या वॉटपेक्षा ऐसपैस हवा. कार्बन ब्रशवाला मिक्सरही चालतो. पण फक्त ६० हर्ट्झ लिहिलेली इंडक्शन मोटर इथे हळू फिरते, शिवाय आवर्तन लांबल्याने गाभ्यात चुंबकत्व वाढून ती जास्त तापते. ती जोडू नका.

आणि ते घड्याळ? तबकडी जपा. घड्याळजीकडून मागे सेलवरचं क्वार्ट्झ यंत्र बसवून घ्या. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपनांचा ठेका स्वतःच धरतो, न्यू जर्सीत आणि नाशकात एकच.