घराचा नकाशा कोण काढणार?

नांदेडच्या मोंढ्यात हमाली करणाऱ्या आमच्या एका बांधवाची मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. हॉलंडमधील घरबांधणी व नगररचना यांवरील तीन आठवड्यांच्या अभ्यासवर्गाची माहिती घेऊन ती वडिलांसह आमच्याकडे आली. वडील म्हणाले, "भाऊ, घरं बघायला एवढ्या लांब कशाला? इथं काय घरं नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्याच मातीत शोधू.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसली. पक्की घरे मिळाली हे खरेच. पण घराचा आकार ठरला जमिनीवरून! भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्यापुढे ७५०. घरात खाणारी तोंडे किती, हा निकष नव्हता. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांच्या वाट्याला काय आले हे वेगळे सांगायला नको.

हॉलंडने १९०१ साली गृहनिर्माण कायदा केला. घर राहण्याजोगे असावे यासाठी नगरपालिकांवर नियम करण्याचे बंधन आले आणि नफा न कमावणाऱ्या गृहसंस्थांना सरकारी मदत मिळू लागली. आजही तेथील दहांपैकी सुमारे तीन घरे अशा संस्थांची, भाड्याची आहेत. रॉटरडॅमच्या स्पांगेन भागात १९२२ साली पूर्ण झालेल्या कामगार वसाहतीत वरच्या मजल्याची गॅलरी इतकी रुंद ठेवली की दूधवाल्याची हातगाडी दारापर्यंत जाई. गरिबाच्या दाराचाही विचार नकाशात होतो, तो असा.

त्यांच्याही चुका झाल्या. अॅमस्टरडॅमच्या बेल्मरमेर भागात १९६० नंतर उंचच उंच इमारती उभ्या केल्या. त्यांतील बऱ्याच पुढे पाडाव्या लागल्या. या चुकाही आपल्या मुलांनी पाहाव्यात.

अडचण पैशाची आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर पदवी व पीएच.डी.साठी आहेत, तीन आठवड्यांच्या वर्गाला त्यांचा आधार नाही. शिवाय फी, विमानभाडे, राहणे, जेवण आणि ९० दिवसांपर्यंतचा शेंगेन व्हिसा. त्याला किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. म्हणून आम्ही त्या बापलेकींना सांगितले, आधी सगळा खर्च कागदावर मांडा, फीमध्ये सवलत मिळते का ते संस्थेला लिहून विचारा, आणि व्याजाने पैसे काढून मात्र जाऊ नका.

उरलेले काम समाजाचे आहे. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. आज जयंतीला आपण वस्तीवस्तीतून वर्गणी गोळा करतो. मंडप थोडा लहान केला आणि त्यातला एक वाटा अशा मुलामुलींसाठी ठेवला तर काय बिघडेल?

आमची अट एकच. परत आल्यावर या मुलीने टेप घेऊन किल्लारीकडे जावे, २५० फुटांच्या घरात माणसे कशी राहतात ते मोजावे आणि वस्तीत सर्वांसमोर सांगावे. वडिलांनी मान डोलावली. वर्गणीच्या वहीत पहिले नाव त्यांनीच लिहिले. दुसरे आमचे आहे. तिसरे कोणाचे?