बर्फाचा हिशेब : मासळी आणि कुल्फीच्या धंद्यातील नफा-तोटा

कोकण किनाऱ्यावरील आपल्या दालदी बांधवांचा मासळीचा धंदा असो की शहरातील कुल्फी-सरबताची गाडी, दोन्हींचा नफा बर्फावर अवलंबून असतो. बर्फ रोज विकत घ्यावा लागतो आणि रोज वितळून जातो. त्यामुळे त्यावरचा खर्च अनेकांना वाया गेल्यासारखा वाटतो. परंतु बर्फ वितळतो तेव्हाच तो आपले काम करीत असतो, हे व्यापारी बंधूंनी ध्यानात घेतले पाहिजे.

एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचे पाणी होताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. तेच एक किलो पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापवायला तेवढीच उष्णता लागते. ही उष्णता बर्फ मासळीतून ओढून घेतो आणि पूर्ण वितळेपर्यंत स्वतः शून्य अंशावरच राहतो. नुसत्या थंड पाण्याला हे जमत नाही.

आता हिशेब पाहू. दहा किलो मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणायला तीन ते साडेतीन किलो बर्फ पुरतो. मात्र पेटीच्या बाजूंनी बाहेरची उष्णता सतत आत येत असते. म्हणून आपल्याकडील हवामानात मासळीइतकाच बर्फ वापरावा, असे जाणकार सांगतात. इथे काटकसर केली तर बर्फाचे थोडे पैसे वाचतात आणि मालाचा भाव पडतो. शिवाय उबेत राहिलेल्या बांगड्यासारख्या मासळीत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजवूनही जात नाही आणि खाणाऱ्याला बाधते.

बर्फ भरण्याचीही रीत आहे. मोठ्या तुकड्यांपेक्षा चुरा बरा, कारण तो मासळीला सर्व बाजूंनी भिडतो. तळाला बर्फ, मग मासळी, पुन्हा बर्फ असे थर लावावेत. सर्वांत वरचा थर बर्फाचाच असावा. वरून झिरपणारे गार पाणी मासळी थंड ठेवते आणि घाण धुऊन नेते. ते पाणी तळाशी साचू देऊ नये. पेटीला भोक हवेच.

पेटीच्या आवरणाची किंमत किती, हे एका जुन्या व्यापारावरून कळते. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून सुमारे १८० टन बर्फ जहाजाने कलकत्त्याला निघाला. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातील सुमारे १०० टन शाबूत पोहोचला. व्यापाऱ्यांची मदार होती साध्या लाकडी भुशावर! आज थर्माकोल आहे; तो नसेल तर भुसा आणि गोणपाटही कामी येतात.

कुल्फीवाल्यांची गोष्ट वेगळी. दूध-साखरेचे मिश्रण शून्य अंशावर घट्ट होत नाही. म्हणून मटक्यातील बर्फात मीठ घालतात. मिठामुळे बर्फ शून्याखालीच वितळू लागतो आणि तापमान उणे दहा अंशांच्याही खाली जाते. अकबराच्या दरबारात पाणी थंड करण्यासाठी सोरा वापरीत, अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. क्षार विरघळताना उष्णता शोषतो, हे तेव्हाच्या आबदारांना अनुभवाने ठाऊक होते.

सरबतवाल्यांनी एक पथ्य पाळावे. महाराष्ट्रात २०१८ साली अखाद्य बर्फ निळसर करण्याचा नियम लागू झाला. पेल्यात टाकायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असावा.

शेवटी वजनाची गोष्ट. मासळीबरोबर बर्फ आणि पाणीही तोलून देणे ही फसवणूक आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आत दडवलेली ओल उघड करणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. बर्फ पेटीत भरपूर असावा, तराजूत मुळीच नसावा. माल ताजा आणि तोल खरा असला की गिऱ्हाईक पुन्हा येते आणि रोजीत बरकत राहते, इन्शाअल्लाह.