आस कुठे तोडायची?

बेस गिटारच्या नादी लागलेली दोन माणसं भेटली, की बोलणं ठरलेल्या वाटेने जातं. लाकूड अॅल्डरचं की अॅशचं, मान मेपलची की आणखी कसली, पिकअप कोणत्या सालचा, अँप ट्यूबचा की ट्रान्झिस्टरचा. ही चर्चा रिकामी नाही, तिच्यातून पुष्कळ कळतं. पण तिचा सगळा रोख सूर निघतो कसा याकडे असतो. तो निघाल्यावर किती वेळ राहतो आणि कुठे थांबवला जातो, हा प्रश्न क्वचितच येतो. माझं म्हणणं असं, की बेसच्या टोनचा निम्म्याहून अधिक हिशेब तिथेच आहे. तार छेडल्यावर मागे रेंगाळणारी आस कधी तोडायची हे ज्याच्या बोटांना कळलं, त्याचा टोन साध्या वाद्यावरही उभा राहतो. ज्याला कळलं नाही, त्याचा महागड्या वाद्यावरही गिचका होतो.

याचा पहिला पुरावा खुद्द वाद्याच्या जन्मात आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, स्वतः गिटार वाजवत नसत. १९५१ साली त्यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. माणसाएवढा उंच डबल बेस गाडीत मावत नसे, ट्रम्पेट आणि ड्रम्सच्या गदारोळात ऐकू येत नसे आणि त्याच्या मानेवर पडदे नसल्यामुळे सूर नेमका लागणं अवघड जाई. फेंडरच्या वाद्याला असे पडदे, म्हणजे फ्रेट, होते, तारेची वाजती लांबी ३४ इंच होती आणि ते गळ्यात अडकवून उभ्याने वाजवता येई. पण बोटाने छेडलेल्या डबल बेसचा सूर लवकर विरतो, आणि भरीव लाकडावर ताणलेली पोलादी तार मात्र कितीतरी वेळ वाजत राहते. म्हणून ब्रिजवर जे चकचकीत धातूचं झाकण होतं, त्याच्या आत रबरी फोमचा तुकडा बसवलेला असे. तो तारांना टेकून आस कमी करी. १९६० साली जॅझ बेस आला, तेव्हा सुरुवातीच्या वाद्यांवर प्रत्येक तारेला फेल्टची वेगळी चकती होती. ज्याने हे वाद्य घडवलं, त्याला त्याचा सूर आखूड हवा होता. पुढे वादकांनी झाकणं काढून टाकली, त्यांच्याबरोबर फोमही गेला, आणि लांब आस हा बेसचा सहजधर्म आहे असं वाटू लागलं.

आस आखूड का हवी, याचं कारण खर्जाच्या स्वभावात आहे. चार तारांच्या बेसवरची सर्वांत जाड ई तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, तिचा चौथा भाग म्हणजे एक अष्टमांश सेकंद. तेवढ्या वेळात ती तार जेमतेम पाच वेळा हलते. पाच हेलकाव्यांत कानाला स्वर ओळखायचा असतो, आणि तो ओळखतो मुख्यतः वरच्या उपस्वरांवरून, म्हणजे ८२, १२४, १६५ कंपनांच्या थरांवरून. आधीच्या सुराची आस तिथे अजून घुमत असेल, तर दोन्ही सूर एकमेकांना झाकतात. त्याच पट्ट्यात ड्रम्सचा मोठा किक ड्रमही धडधडत असतो. वरच्या सप्तकात दोन सूर एकमेकांवर आले तर कानाला ते मिश्रण गोड लागू शकतं; खर्जात तेच दोन सूर चिखल करतात. तबला ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. डग्ग्यावर मनगट टेकवून घुमारा जिथल्या तिथे मोडणारा हात नसेल, तर ठेक्याला आकार येत नाही, मग डग्गा कितीही उत्तम मढवलेला असो.

आता या वाद्याचे जे आद्य गुरू मानले जातात, त्यांच्याकडे पाहू. जेम्स जेमरसन १९३६ साली साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर जन्मले, किशोरवयात डेट्रॉइटला आले आणि डबल बेसवर तयार झाले. साठच्या दशकात वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या मोटाउन कंपनीच्या छोट्याशा स्टुडिओत त्यांनी वाजवलेला बेस त्या काळच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांखाली आहे. १९७१च्या मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत त्यांचं नाव तबकड्यांवर छापलंही जात नसे, म्हणून लोकांनी आवाज आधी ओळखला आणि माणूस नंतर. त्यांचं वाद्य म्हणजे १९६२चा साधा प्रिसिजन बेस. त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा. फ्लॅटवाउंड म्हणजे मधल्या पोलादी गाभ्यावर चपटी पट्टी गुंडाळलेली तार. हाताला गुळगुळीत लागते आणि तिचे वरचे उपस्वर लवकर मावळतात. या तारा तुटल्याशिवाय ते बदलत नसत असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. बोटांचा घाम आणि मळ गुंडाळणीत बसला की तार आणखी मंद होते. तारा मानेपासून बऱ्याच उंच होत्या, ब्रिजच्या झाकणाखालचा फोम जागेवर होता, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी तार ओढत असे. त्या आकड्यासारख्या बोटाला सहकारी ‘द हुक’ म्हणत.

ही सगळी सामग्री एका रांगेत मांडून पाहा. फ्लॅटवाउंड, जुन्या तारा, फोम: तिन्ही गोष्टी आस कमी करणाऱ्या. उंच तारा आणि जोरदार एकच बोट: दोन्ही सुराच्या प्रारंभाला ठोसपणा देणाऱ्या. सूर ठाम सुरू होतो आणि चटकन बाजूला होतो. त्यामुळेच जेमरसनना एका मापात इतके सूर भरता आले. १९६७चं फोर टॉप्सचं ‘बर्नाडेट’ ऐकताना बेस जवळजवळ गायकाशी बोलत असतो, मधल्या निसटत्या सुरांसाठी मोकळ्या तारा छेडत असतो, तरी गाण्याची वाट कुठे अडत नाही. लांब आसेच्या वाद्यावर हेच सूर त्याच क्रमाने वाजवले, तर खालचा मजला गढूळ होतो. म्हणजे फोमने केवळ रंग बदलला नाही. या प्रकारच्या वादनाला लागणारी जागाच त्याने करून दिली. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोटाउनमध्ये बेस बहुतेक वेळा अँपमधून न नेता थेट ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलला जोडला जाई. ज्या आवाजासाठी लोक आज अँपची तुलना करत बसतात, त्या आवाजाच्या वाटेत पुष्कळदा अँप नव्हताच.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये कॅरोल के वेगळ्या पद्धतीने तिथेच पोचल्या होत्या. त्या मूळच्या गिटारवादक. १९६३ साली ठरलेला बेसवादक आला नाही म्हणून त्यांच्या हाती बेस आला, आणि पुढे बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’सकट त्या शहरातल्या ध्वनिमुद्रणांचा मोठा भाग त्यांनी वाजवला. त्या बोटाऐवजी पिक वापरत. पिकचा आघात कडक असतो, आणि त्यामागे आस तशीच राहिली तर सूर टणटणतो. त्यांनी ब्रिजजवळ तारांवर फेल्टची दुहेरी घडी ठेवली. डेट्रॉइटमध्ये एक बोट, लॉस एंजेलिसमध्ये पिक, हात अगदी निराळे. सारखं होतं ते तारेवरचं दडपण. किंग्स्टनच्या रेगेत तर ही गोष्ट रचनेतच मुरली. तिथे मापाचा पहिला ठोका अनेकदा कोरा सोडतात आणि बेसची ओळ त्या कोऱ्या जागेभोवती बांधतात. १९७९ साली शीक या गटाच्या ‘गुड टाइम्स’मध्ये बर्नार्ड एडवर्ड्सनी एकाच सुराचे तीन ठोके देऊन पुढची जागा मोकळी ठेवली. ती ओळ जगभर उचलली गेली. तिची अर्धी ताकद त्या मोकळ्या जागेत आहे.

यावर सर्वांत भारी आक्षेप जॅको पॅस्टोरियस यांच्या नावाने येतो, आणि तो टाळता येणार नाही. १९६६ साली ‘द हू’चे जॉन एंटविसल यांच्या साथीने रोटोसाउंड कंपनीने गोल तार गुंडाळलेल्या पोलादी राउंडवाउंड तारा सिद्ध केल्या. त्यांची झळाळी पियानोच्या जवळ जाणारी आणि आस भरपूर. दशकभराने जॅकोंनी फ्रेट काढलेल्या १९६२च्या जॅझ बेसवर अशाच तारा चढवल्या. पोलादाने मानेचं लाकूड कुरतडू नये म्हणून फळीवर होड्यांना लावतात तो इपॉक्सीचा थर दिला, ब्रिजजवळच्या पिकअपचा आवाज पुढे आणला आणि असा गाता सूर काढला, की १९७६च्या त्यांच्या पहिल्या अल्बमनंतर बेसकडे पाहण्याची नजरच पालटली. मग आखूड आसेचं माहात्म्य कुठे राहिलं? मला वाटतं, इथेच ते जास्त स्पष्ट होतं. जॅकोंचे लांब सूर लोकांना आठवतात, कारण त्यांच्या अलीकडे-पलीकडे टिपूस गळत नाही. १९७७च्या ‘हेवी वेदर’मधलं ‘टीन टाउन’ ऐकावं: भरधाव, तुटक सूर, प्रत्येक आपल्या जागी कापलेला, मध्ये बोटांखाली दाबलेल्या तारांची नुसती टकटक. फोम नव्हता, त्याचं काम दोन्ही हातांनी पत्करलं होतं. तार जितकी जास्त वाजणारी, तितकी ती थांबवण्याची जबाबदारी मोठी. नवशिक्याने राउंडवाउंड तारा लावल्यावर त्याचा आवाज जॅकोंसारखा न होता घोंगावणारा होतो, तो यामुळे.

हे थांबवणं हाताच्या पातळीवर कसं घडतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. डावं बोट फ्रेटमागे दाबलेलं असतं; सूर संपवायचा तर ते तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा. तार फ्रेटपासून सुटते पण बोटाला टेकलेली राहते आणि तिथल्या तिथे गप्प होते. बोट पूर्ण उचललं, तर मोकळी तार जागी होऊन भलताच सूर बोलते. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर रोवून न ठेवता वरच्या तारांवर हातासोबत सरकत राहतो, म्हणजे न वाजणाऱ्या तारा शेजारच्या कंपनाने घुमत नाहीत. वरच्या सुराच्या तारेवरून खर्जाकडे येताना एकच बोट ओढत आणलं, तर ते पुढच्या तारेवर विसावतं. यातलं काहीच प्रेक्षकाला दिसत नाही.

दुसरा आक्षेप लाकडाचा. लाकडाने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाही. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वरून पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वीज निर्माण होते. लाकडाचा आवाज त्यात थेट शिरत नाही. पण लाकूड तारेची शक्ती शोषून घेऊ शकतं. फेंडर घाटाच्या बेसवर ‘जी’ तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर मरतो, त्याला वादक ‘डेड स्पॉट’ म्हणतात. तिथे मानेचं स्वतःचं कंपन तारेच्या कंपनाशी जुळतं आणि मान ती शक्ती पिऊन टाकते. मानेच्या टोकाला वजनदार चिमटा लावला तर ती जागा सरकते, यावरून कारण पटतं. म्हणजे लाकडाचा सर्वांत ठळक परिणाम कुठे दिसतो? पुन्हा सूर किती टिकतो तिथेच. लाकडाच्या बाजूने येणारा हा पुरावा माझं म्हणणं खोडत नाही.

पिकअपबद्दलचा आक्षेप अधिक रास्त आहे. १९५७ सालापासून प्रिसिजन बेसला मिळालेला दुभंगलेला पिकअप आणि जॅझ बेसवरचे दोन पिकअप यांतला फरक कुणालाही ऐकू येतो, कारण तारेच्या वेगवेगळ्या बिंदूंवर वेगवेगळे उपस्वर बलवान असतात. पण पिकअप जे मिळतं त्यातून निवड करतो. सूर कधी संपवायचा हे तो ठरवत नाही. कंप्रेसर आवाजाचे चढउतार सपाट करतो आणि शेपूट उलट लांबवतो. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं यंत्रही असतं, मात्र कोणता सूर तोडायचा आणि कोणता पुढच्यात मिसळू द्यायचा, हे त्याला उमगत नाही. ही निवड प्रत्येक मापात नव्याने करावी लागते, आणि गायकाने श्वास कुठे घेतला हे ऐकत असलेला माणूसच ती करू शकतो.

बेस ऐकूच येत नाही, मग ही बारकाई कुणासाठी, असंही विचारलं जातं. लहान स्पीकर शंभर कंपनांखालचा आवाज फारसा देत नाहीत हे खरं. तरी ट्रान्झिस्टरवर राहुलदेव बर्मन यांची गाणी ऐकत वाढलेल्या पिढीला टोनी वाझ यांच्यासारख्यांच्या बेसवर पाय हलवता आले, कारण उपस्वर ऐकू आले की खालचा मूळ सूर मेंदू आपणहून भरतो. मात्र त्यासाठी सुराला स्वच्छ कड लागते. एकमेकांत मिसळलेल्या सुरांचे उपस्वर कान वेगळे काढू शकत नाही, आणि मोबाइलच्या स्पीकरवर तर अजिबात नाही.

तेव्हा नवा बेस घेण्याआधी किंवा आहे तो विकण्याआधी एक प्रयोग जरूर करावा. भांडी घासायच्या मऊ स्पंजची बोटभर जाड पट्टी कापावी आणि ब्रिजच्या अगदी लगत तारांखाली सरकवावी, तारांना जेमतेम टेकेल इतकी. पट्टी ब्रिजपासून दूर नेली तर सूर बोथट होतो, जवळ आणली तर बोलका राहतो. अर्ध्या बोटाच्या अंतरानेही फरक पडतो. मग ओळखीच्या गाण्यासोबत तीच ओळ वाजवून मुद्रित करावी. त्यानंतर पट्टी काढून, तितकेच आखूड सूर निव्वळ हातांनी काढायचा प्रयत्न करावा. दोन्ही मुद्रणं एकापाठोपाठ ऐकली, की हाताला आणखी काय शिकायचं बाकी आहे ते सुरासुराला कळतं.