बाकी समक्ष भेटीत

पोस्टकार्डाच्या काळात मराठी पत्राच्या शेवटी एक वाक्य हमखास येई : ‘बाकी समक्ष भेटीत.’ लग्नातल्या देण्याघेण्याचा आकडा, भाऊबंदकीतला वाद, घरातल्या कुणाचे दुखणे हे कार्डावर लिहीत नसत. कार्ड वाटेत कुणीही वाचू शकतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. कार्डावर काय लिहायचे, बंद पाकिटात काय घालायचे आणि कागदावर मुळीच काय उतरवायचे नाही, हा विवेक चार यत्ता शिकलेल्या माणसालाही होता. आज तो क्षीण झाला, याचे एक कारण असे की, आपण पाठवतो ते कार्ड आहे की पाकीट, हेच डोळ्यांना दिसत नाही.

पाकिटाचे काम आज कूटलेखन म्हणजे एन्क्रिप्शन करते. पूर्वी गुप्त मजकूर लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने एकच किल्ली आधी गुपचूप वाटून घ्यावी लागे. 1976 साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी दाखवून दिले की, कधीही न भेटलेल्या दोन व्यक्तींना सर्वांच्या देखत बोलूनही आपसांत गुपित ठरवता येते. आजची सुरक्षित संदेशसेवा या पायावर उभी आहे. ‘सिग्नल’ची पद्धत वापरून व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल 2016 मध्ये आपल्या सर्व संदेशांना ‘एंड-टू-एंड’ संरक्षण दिले. म्हणजे किल्ली फक्त दोन टोकांच्या फोनांत असते आणि मधली कंपनी बंद पाकीट वाहून नेते.

पण पाकिटाला बाहेरची बाजूही असते. कोणी, कोणाला, केव्हा, कुठून पाठवले, या नोंदींना मेटाडेटा म्हणतात. एखाद्याने सकाळी कर्करोग रुग्णालयाला, दुपारी विमा प्रतिनिधीला आणि रात्री वकिलाला फोन केला, तर एक शब्दही न ऐकता बरेच काही कळते. मजकुराला कुलूप लागले तरी ही बाजू उघडीच राहू शकते.

दोन प्रकरणांतून हा फरक स्पष्ट होतो. 2016 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या एका तपासात सिग्नल चालवणाऱ्या संस्थेकडे एका वापरकर्त्याची माहिती मागण्यात आली. संस्थेला दोनच गोष्टी देता आल्या : खाते केव्हा उघडले आणि ते शेवटचे केव्हा जोडले गेले. बाकी माहिती तिने साठवलेलीच नव्हती. दुसरे प्रकरण 2021 सालचे. स्वित्झर्लंडमधील ‘प्रोटॉनमेल’ ही ईमेलसेवा गोपनीयतेसाठी नावाजलेली. फ्रान्समधील एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या तपासात, स्विस अधिकाऱ्यांच्या कायदेशीर आदेशानुसार, तिला त्या खात्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. पत्रांचा मजकूर कुलूपबंदच राहिला, पण पत्र लिहिणारा माणूस सापडला. पहिल्या संस्थेचे रक्षण केवळ कुलपाने झाले नाही. जे साठवलेच नव्हते ते कुणाला देता येणार नव्हते, हेही तितकेच महत्त्वाचे ठरले.

म्हणून कोणतेही साधन घेताना ‘हे सुरक्षित आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणापासून?’ असे विचारावे लागते. ब्राउझरचा ‘इनकॉग्निटो’ पर्याय आपण काय पाहिले हे त्याच संगणकावर बसणाऱ्या घरच्यांपासून लपवतो. संकेतस्थळांपासून आणि इंटरनेट पुरवणाऱ्यापासून तो ते लपवत नाही. याच गैरसमजावरून गूगलविरुद्ध 2020 मध्ये अमेरिकेत दावा लागला आणि 2024 मधील तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. व्हीपीएन हे साधन आपली वाहतूक इंटरनेट पुरवठादारापासून झाकते, पण तोच विश्वास आता व्हीपीएन चालवणाऱ्यावर टाकावा लागतो. भारतात एप्रिल 2022 मध्ये ‘सर्ट-इन’ने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपण्याचे निर्देश दिले, तेव्हा काही कंपन्यांनी आपले इथले सर्व्हर बंद करणे पसंत केले. प्रत्येक साधन एखादे दार लावते. बाकीची दारे कुठे आहेत, हे आपल्यालाच पाहावे लागते.

आपल्याकडे सगळ्यात उघडे दार मात्र इंटरनेटवर नसून झेरॉक्सच्या दुकानात आहे. देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. तेव्हापासून लॉजच्या काउंटरपासून सिमकार्डाच्या टपरीपर्यंत आधारची प्रत देण्याची सवय लागली. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने, प्रती वाटू नका, गैरवापर होऊ शकतो, असे पत्रक काढले. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल, असे सांगून ते दोनच दिवसांत मागे घेण्यात आले. पत्रक गेले, तरी त्यात सुचवलेला पर्याय आजही उपलब्ध आहे. ‘मास्क्ड आधार’मध्ये बारांपैकी शेवटचे चारच अंक दिसतात. सोळा अंकी तात्पुरता ‘व्हर्च्युअल आयडी’ मूळ क्रमांकाऐवजी देता येतो. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची ओळख यांना प्राधिकरणाच्या अ‍ॅपवरून कुलूप घालता येते.

‘माझ्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?’ असा प्रश्न नेहमी येतो. पण आपल्या फोनमध्ये एकट्या आपलीच माहिती नसते. बहिणीचा वैद्यकीय अहवाल, मित्राचा बँक क्रमांक, शेकडो ओळखीच्यांचे दूरध्वनी तिथे विश्वासाने ठेवलेले असतात. त्यांच्या वतीने ‘काही लपवायचे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आणि त्याची सांगड माणसाच्या प्रतिष्ठेशी घातली. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण एकदा बाहेर गेलेली माहिती कायद्याने परत येत नाही.

तेव्हा सुरुवात घरातूनच करावी. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड असावा आणि तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावा. द्विस्तरीय पडताळणी चालू करावी. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश कुलूपबंद असले, तरी क्लाउडवर जाणाऱ्या त्यांच्या बॅकअपला वेगळे कुलूप घालावे लागते. 2021 पासून ती सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. विजेरीच्या अ‍ॅपने संपर्कयादी मागितली तर नकार द्यावा. कुणी कागदाची प्रत मागितली, तर कशासाठी आणि किती दिवस ठेवणार, हे विचारावे. आणि ओटीपी, पिन यांसारख्या काही गोष्टी कुणी कितीही घाईने, कितीही अधिकाराने मागितल्या, तरी त्या समक्ष भेटीतसुद्धा सांगू नयेत.