रिकाम्या खाटेचे भाडे

मुंबई-पणजी आगबोटीच्या डेकवर सतरंजी पसरून रात्र काढलेली माणसे गोव्यात आणि कोकणात आजही भेटतात. त्या बोटीचे तिकीट माणसी असे. एकटा उतारू आला तर एक तिकीट, पाच जणांचे कुटुंब आले तर पाच. विलायतेच्या बोटींवरही न्याय तोच होता. लॉइड ट्रिएस्टिनो या इटालियन कंपनीच्या १९५३ साली सुरू झालेल्या ‘एशिया’ किंवा ‘व्हिक्टोरिया’ बोटीने मुंबईहून युरोपला निघालेला विद्यार्थी एका बर्थचे भाडे देई. केबिनीतल्या उरलेल्या बर्थवर कोण येणार, याची चिंता त्याला नसे. ती कंपनीने वाहावयाची.

आज एकट्याने समुद्रसफरीस निघणाऱ्या प्रवाशाचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. एखाद्या निवृत्त शिक्षिकेची कल्पना करावी. पतीसमवेत योजलेली सफर त्यांच्या निधनामुळे राहून गेली. आता साठविलेल्या पैशातून एकटीनेच ती करावी, असे तिच्या मनात आले. जाहिरातीत सात रात्रींचा दर माणसी ६०,००० रुपये दिला आहे. चौकशी करताच उत्तर मिळते, ‘आपण एकट्या ना? मग १,२०,००० पडतील.’ तिचा पहिला ग्रह असा होतो की, आपण एकटी पाहून कोणी फसवीत आहे. प्रत्यक्षात तसे नसते. माणसी दर हा एका केबिनीत दोघे राहणार असे धरून काढलेला असतो, आणि ही अट जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असते. एकट्या प्रवाशावर बसणाऱ्या या जादा आकाराला धंद्यात ‘सिंगल सप्लिमेंट’ म्हणतात. हिशेब कितीही सरळ असला, तरी नसलेल्या सोबत्याचे भाडे भरताना तिला काय वाटत असेल, हे निराळे सांगावयास नको.

हा पालट झाला कसा? १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची वाहतूक सुरू झाली आणि गावास पोहोचण्याकरिता बोटीत बसण्याचे कारण हळूहळू संपले. १९६६ च्या डिसेंबरात ‘सनवर्ड’ ही बोट अमेरिकेतील मायामी बंदरातून केवळ सहलीसाठी नियमित निघू लागली, आणि पुढे हाच धंदा फोफावला. सहलीची बोट म्हणजे तरंगते हॉटेल. तेथे बर्थ विकली जात नाही, खोली विकली जाते. शिवाय कंपनीचा नफा भाड्यावर थांबत नाही. मद्य, किनाऱ्यावरील सहली, जुगारगृह, दुकाने यांतून बोटीवर होणारा खर्चही तिच्या गणितात असतो. दुसरी खाट रिकामी राहिली म्हणजे तेथे निजणाऱ्याचे भाडे तर जातेच, त्याचा खिसाही जातो. केबिनीमागे दोन उतारू म्हणजे शंभर टक्के भरती, असे या धंद्यातले माप आहे. तिसरी-चौथी खाट भरली की आकडा शंभराच्या वर जातो. अशा व्यवहारात एकटा माणूस म्हणजे अर्धी भरलेली खोली.

एकट्याने स्वस्त भाडे शोधावयाचे म्हणजे कंपनीला ही अर्धी खोलीही हवीशी वाटेल, अशी वेळ आणि अशी बोट शोधावयाची.

प्रथम आकडे नीट मांडावेत. सप्लिमेंट सामान्यतः मूळ भाड्यावर बसते. बंदराचे आकार, कर आणि नोकरवर्गाची दैनिक बक्षिसी ही माणसी असल्याने एकट्यास एकदाच पडते. वरील उदाहरणात कर व बंदर-आकार मिळून ९,००० रुपये धरले, तर एकटीचा खर्च १,२९,००० होईल, १,३८,००० नव्हे. तोच सप्लिमेंट पन्नास टक्क्यांवर आला तर ९९,००० मध्ये भागेल. संकेतस्थळावर दर पाहताना प्रवाशांची संख्या आरंभीच ‘एक’ अशी भरावी. दोघांचा दर पाहून मनाने दुप्पट करणे हे दोन्ही बाजूंनी चुकते, कारण काही सफरींवर सप्लिमेंट कमी केलेला असतो आणि ती सवलत दोघांच्या दरात दिसतच नाही.

एकट्यासाठीच बांधलेल्या केबिनी हा दुसरा मार्ग. ‘नॉर्वेजियन एपिक’ या बोटीवर २०१० मध्ये अशा १२८ लहान खोल्या आणि त्यांतील उतारूंसाठी एक स्वतंत्र बैठकीचा कक्ष करण्यात आला. ‘क्वीन मेरी २’ वर २०१६ च्या डागडुजीत १५ एकेरी केबिनी घालण्यात आल्या. या खोल्या थोड्या आणि मागणारे पुष्कळ; म्हणून त्या लवकर संपतात. त्यांचे नाव ऐकून मात्र हुरळून जाऊ नये. मागणी वाढली की एकेरी केबिनीचा दर चढतो, आणि त्याच बोटीवरील बिनखिडकीची दुहेरी केबिन सप्लिमेंटसह घेतली तरी स्वस्त पडते, असे अनेकदा घडते. दोन्ही दर शेजारी शेजारी मांडल्यावाचून पैसे भरू नयेत.

आता वेळेविषयी. जानेवारी ते मार्च हा पाश्चात्त्य कंपन्यांचा विक्रीचा मुख्य हंगाम; त्या काळात सवलती जाहीर होतात. उरलेली रक्कम भरण्याची मुदत बहुधा प्रस्थानापूर्वी सुमारे तीन महिन्यांची असते. ती उलटली की ज्यांनी बेत रद्द केले त्यांच्या केबिनी पुन्हा बाजारात येतात आणि कंपनीचा हात थोडा सैल होतो. शाळांच्या सुट्ट्यांत मात्र काही मिळण्याची आशा ठेवू नये; तेव्हा त्याच खोलीसाठी चौघांचे कुटुंब उभे असते.

सर्वांत किफायतशीर म्हणावी अशी सफर म्हणजे बोटीच्या स्थलांतराची. कॅरिबियन समुद्रात हिवाळा काढलेल्या बोटी वसंतात भूमध्य समुद्राकडे निघतात आणि शरदात परततात. बोट न्यावयाचीच असते. मग रिकामी नेण्यापेक्षा उतारू घेऊन नेलेली बरी. वाटेत आठ-आठ दिवस किनारा दिसत नाही, म्हणून कुटुंबवत्सल मंडळी तिकडे फिरकत नाहीत. पुस्तक, डेकवरची खुर्ची आणि समोर पाणी एवढ्यावर ज्याचे समाधान होते, त्याच्यासाठी मात्र हा प्रवास आहे. यात एक गोम आहे. प्रवास एकमार्गी असल्याने दोन्ही टोकांचे विमानभाडे निराळे पडते. ते जमेस धरले नाही तर स्वस्ताई कागदावरच राहते.

भारतीय पासपोर्टधारकाने आणखी एक विचार केला पाहिजे. ‘शेवटच्या क्षणी मिळणारे स्वस्त तिकीट’ ही कीर्ती साउदॅम्प्टन किंवा मायामीजवळ राहणाऱ्यांच्या उपयोगाची. इंदूरच्या किंवा बेळगावच्या प्रवाशास व्हिसा मिळण्यासच काही आठवडे लागतात. बोट बार्सिलोनाहून निघून शेंगेन देशांबाहेरील बंदरास लागणार व परत येणार असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. तेव्हा परदेशी सफर आधीच ठरवावी आणि उशिराची चतुराई देशी सफरीसाठी राखून ठेवावी. २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून ‘एम्प्रेस’ या बोटीच्या क्रूझ सुरू झाल्या. मुंबई-गोवा अशा छोट्या फेरीला व्हिसाची अडचण नाही; दिवाळी, नाताळ आणि मे महिना टाळून, ऐन वेळी चौकशी करण्यास हरकत नसते.

सोबती मिळवून खोली वाटून घेण्याची सोय मोठ्या बोटींवर आता क्वचितच आढळते. ध्रुवप्रदेशाकडील मोहीमवजा सफरींवर मात्र काही कंपन्या एकट्या उतारूस समलिंगी सोबती जोडून देतात आणि सप्लिमेंट माफ करतात. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर आलेल्या आणि पुढे बंद पडलेल्या ‘आंग्रिया’ बोटीवर सामाईक कक्षातील एकेक खाटही विकली जाई.

त्या शिक्षिकेने पुन्हा फोन उचलला, तर दोनच गोष्टी विचाराव्यात: एकट्याचा एकूण आकार सर्व करांसह किती, आणि त्याच बोटीच्या पुढच्या-मागच्या दोन फेऱ्यांना तो किती. उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. भोजनाच्या वेळी सामाईक मेजावर जागा मिळेल काय, हेही त्याच फोनमध्ये विचारून ठेवावे; सात रात्री एकटीने जेवावयाचे की अनोळखी चार माणसांत, हे निघण्यापूर्वी ठरवता येते.