नित्याच्या औषधोपचाराचा खर्च आणि डॉक्टर बदलण्याचा विचार

दुभत्या जनावरांचा हिशेब मांडताना चारा, पेंड व मजुरी या बाबी शेतकरी न विसरता धरतो. औषधोपचाराचा खर्च मात्र बहुधा वहीत येत नाही, कारण तो एकरकमी होत नाही. आज जंताचे औषध, पंधरा दिवसांनी रेतन, पुढे गाभण तपासणी, मध्येच गोचीडनाशकाची एखादी बाटली, असा तुकड्यातुकड्यांनी पैसा जातो. वर्षअखेर कोणी बेरीज केलीच तर आकडा डोळ्यांत भरतो आणि डॉक्टर बदलावा असे मनात येऊ लागते. शेजारच्या गावचा एकजण निम्म्या पैशांत येतो, सुई टोचून जातो व वर उधारीही ठेवतो, असे कोणीतरी सांगितलेले असते.

हा विचार गैर नाही. शेतकऱ्याने खर्चाकडे लक्ष दिलेच पाहिजे. तथापि पैसा नेमका कशावर जातो हे आधी पाहिले, तर असे आढळून येते की त्यातील बराचसा भाग डॉक्टर न बदलताही वाचण्यासारखा असतो. आणि स्वस्त माणूस आणून जो भाग वाचला असे वाटते, तो पुष्कळदा गाय भाकड राहून कितीतरी पटीने निघून जातो.

बिलाची फोड

खासगी डॉक्टरास गोठ्यावर बोलावले असता जो एकच आकडा सांगण्यात येतो, त्यात येण्याजाण्याचा खर्च, औषधाची किंमत व प्रत्यक्ष कामाचा मोबदला या तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करून सांगण्याची विनंती करण्यास संकोच बाळगू नये. उदाहरणादाखल असे धरू की, एका फेरीचे ७०० रुपये झाले व त्यात येण्याजाण्याचे ३००, औषधाचे ३०० आणि कामाचे १०० रुपये आहेत. त्याच आळीतील चार गोठ्यांनी मिळून एक दिवस ठरविला तर येण्याजाण्याचे प्रत्येकी ७५ रुपयेच पडतात. दर गोठ्यामागे २२५ रुपये वाचले आणि डॉक्टर तोच राहिला. जंताचे औषध, गाभण तपासणी, वासरांची शिंगे जाळणे, गोऱ्ह्यांचे खच्चीकरण ही सारी कामे अशा ठरलेल्या दिवशी होऊ शकतात. अडलेली गाय किंवा पोटफुगी यांना अर्थातच दिवस ठरविता येत नाही. पण ती नित्याची कामे नव्हेत.

जे जनावर चालू शकते ते शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले, तर गोठ्यावरील फेरीचा खर्चच उरत नाही. गावापासून दवाखाना दूर असेल तेथे १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी.

विनामूल्य मिळते ते विकत घेऊ नये

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली लाळ-खुरकूत रोगाची लस गाई-म्हशींना सहा-सहा महिन्यांनी विनामूल्य टोचण्यात येते. त्याच कार्यक्रमाखाली सांसर्गिक गर्भपाताची लस ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना आयुष्यात एकदाच देतात. ही लस जिवंत असते. ती टोचताना चुकून हातात सुई गेली अथवा थेंब डोळ्यात उडाला तर माणसासही तो रोग जडू शकतो. ती बाजारातून आणून परस्पर टोचून घेण्याचा विचारही कोणी करू नये.

घटसर्प व फऱ्या यांच्या लसी आणि शेळ्यामेंढ्यांची आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी देणे इष्ट असते. शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआर रोगावरील लसीचे संरक्षण सुमारे तीन वर्षे टिकते. ती दरवर्षी टोचून तिचे दरवर्षी पैसे घेणारा माणूस स्वस्त म्हणता येणार नाही.

या लसींबाबत आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयाची, ती थंडाव्याची. त्या कारखान्यापासून जनावराच्या कातडीपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णतामानात राहिल्या पाहिजेत. लाळ-खुरकुताची लस उन्हात जशी बिघडते, तशीच गोठून बर्फ झाल्यानेही बिघडते. पीपीआरची भुकटी एकदा द्रवात विरघळविली की काही तासांतच संपवावी लागते. बाटली सदऱ्याच्या खिशात घालून मोटारसायकलवर तीन गावे हिंडणाऱ्याची लस निम्म्या किमतीत मिळत असली, तरी तिचा गुण उरला आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. ते कळते साथ आल्यावर. शिवाय एकच सुई साऱ्या आळीतील जनावरांना वापरण्यात आली, तर एका गोठ्यातील रोग दुसऱ्या गोठ्यात नेण्याचे काम शेतकऱ्याने पैसे देऊन करवून घेतले असे होते.

रेतनातील खोटी बचत

डॉक्टर बदलल्याने खरे नुकसान कोठे होत असेल तर ते कृत्रिम रेतनात. गोठविलेले वीर्य द्रवरूप नत्रवायूत उणे १९६ अंशांवर ठेवावे लागते. वापरण्यापूर्वी त्याची कांडी सुमारे ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून वितळवावी लागते व नंतर विलंब न लावता काम उरकावे लागते. पात्रातील नत्रवायू कमी झाला, कांडी वारंवार वर काढून पुन्हा आत सोडली, किंवा ती हाताच्या उबेनेच वितळविली, तर गाय उलटते. तीत दोष गाईचा नसतो. पण शेतकरी गाईलाच दोष देतो, कारण कांडीचे काय झाले हे त्याने पाहिलेले नसते.

गाय उलटली की पुढील माजापर्यंत सुमारे २१ दिवस थांबावे लागते, आणि तितके दिवस पुढचे वेत लांबते. त्या वाढलेल्या भाकड दिवसांत गाईच्या चाऱ्यापेंडीस रोजचे १५० रुपये लागतात असे धरले, तर एका उलटण्याची किंमत ३,१५० रुपये होते. न मिळालेल्या दुधाचा हिशेब वेगळाच. रेतनाच्या दरात १०० रुपयांची सवलत मिळवून हा खर्च अंगावर घेणे कोणालाच परवडणारे नाही.

मात्र येथे सारा भार रेतन करणाऱ्यावर टाकून चालणार नाही. सकाळी माज दिसला तर त्याच सायंकाळी, व सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी शेतकरी माज उलटून गेल्यावर निरोप पाठवितो आणि गाय उलटली म्हणून डॉक्टर बदलतो. माजाची वेळ, रेतनाची वेळ व कांडीवरील वळूचा क्रमांक एवढे तीन तपशील वहीत लिहून ठेवले, तर दोन-तीन वेतांत दोष कोणाचा हे आपोआप उघड होते. डॉक्टर बदलावा की नाही या प्रश्नास या वहीइतके खरे उत्तर दुसरीकडे मिळत नाही.

जंताचे औषध मापाने

जंताच्या औषधावर होणाऱ्या खर्चात बचतीस खरोखर वाव आहे. दर तीन महिन्यांनी डोळे मिटून साऱ्या गोठ्यास औषध पाजण्याऐवजी, दोन-चार जनावरांचे ताजे शेण लहान डबीत घालून दवाखान्यात तपासून घ्यावे. त्यावरून औषध लागते की नाही व कोणते लागते हे समजते. हे समजणे महत्त्वाचे आहे. पाणथळ जागी चरणाऱ्या जनावरांच्या यकृतात पर्णकृमी होतात. आणि गोलकृमींवर व गोचिडांवर गुणकारी असलेले आयव्हरमेक्टिन या पर्णकृमींवर चालत नाही. दुकानदाराने दिलेली बाटली संपते, जनावर खंगतच राहते आणि मग औषध बनावट होते असे म्हटले जाते. गाभण जनावरास पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल देणे टाळावे, ही सूचनाही दुकानात क्वचितच मिळते.

औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि अंदाजाने कमी मात्रा पाजण्यात कसलीही बचत नाही. अर्धवट मात्रेतून जे जंत वाचतात तेच पुढे वाढतात, व काही काळाने त्या औषधास ते दादच देत नाहीत. वजनकाटा नसला तरी शिंप्याच्या फितीने वजन काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या पुढील टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील टोकापर्यंत लांबी मोजावी. घेरास घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. घेर ६४ इंच व लांबी ५६ इंच असलेल्या गाईचे वजन याप्रमाणे सुमारे ३४८ किलो भरते. डोळ्यांच्या अंदाजाने अशाच गाईस कोणी अडीचशे किलोंची ठरवितो, कोणी साडेचारशेची. ग्रामसेवकांनी ही रीत एकदा चावडीवर प्रत्यक्ष मोजून दाखविल्यास तिचा प्रसार सहज होईल.

नवा माणूस कोण आहे

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. राज्य शासनाने ठरविलेल्या किरकोळ सेवा पदविकाधारकास किंवा प्रमाणपत्रधारकास पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली देता येतात. गावोगावी हिंडणाऱ्यांत असे शिकलेले कामसू तरुण आहेत, तसेच दुसऱ्याच्या हाताखाली चार महिने पेटी उचलून निघालेलेही आहेत. आपण कोणाच्या देखरेखीखाली काम करता, असे विचारण्यात कोणाचाही अपमान नाही. विम्याचा दावा करावयाचा झाल्यास पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते. त्या वेळी उधारीवर सुई टोचणाऱ्याचा काही उपयोग होत नाही.

असे असले तरी जुना डॉक्टर बदलणे हेच शहाणपणाचे ठरावे असेही प्रसंग असतात. जो जनावरास हात न लावता दारातूनच सुई भरतो, काय टोचले ते लिहून देत नाही, प्रतिजैविक दिल्यावर दूध किती दिवस घालू नये हे सांगत नाही, किंवा माजाचा निरोप मिळूनही तिसऱ्या दिवशी येतो, त्याच्याकडे केवळ सवयीने जात राहण्याचे कारण नाही. दवाखान्यातील जागा रिक्त असेल आणि जवळच नोंदणीकृत खासगी पशुवैद्यक असेल, तर थोडे अधिक पैसे देऊनही तोच स्वस्त पडेल.

दोन डॉक्टर एकमेकांस नकळत ठेवणे मात्र धोक्याचे आहे. एकाने आठवड्यापूर्वी पाजलेले जंताचे औषध दुसरा पुन्हा पाजतो. एकाने सुरू केलेले प्रतिजैविक अर्धे टाकून दुसऱ्याचे सुरू होते. म्हणून बदल करावयाचा तर उघडपणे करावा. कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, टोचलेल्या लसी व त्यांच्या तारखा, रेतनाची व वेताची तारीख, आणि पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला असल्यास तो, एवढे एका कागदावर उतरवून नव्या डॉक्टरास द्यावे. गाय सात-आठ महिन्यांची गाभण असताना बदल न करता वेत होऊ द्यावे. जुन्या डॉक्टरास देणे असेल ते चुकते करावे व दोन गोड शब्द बोलून यावे. मध्यरात्री गाय अडते आणि नव्याचा दूरध्वनी लागत नाही, तेव्हा पुन्हा त्याच्याच दारी जावे लागते.

घरातील मांजर

कणगीतील धान्य उंदरांपासून राखणारे मांजर या हिशेबात कोणी धरीत नाही. त्यालाही तीन महिन्यांचे झाल्यावर व पुढे दरवर्षी पिसाळ रोगाची लस देणे अवश्य आहे. कारण ते मुलांच्या अंथरुणात निजते आणि रात्री गावभर हिंडते. या लसीची व नसबंदीची सोय दवाखान्यात आहे काय, याची चौकशी शेळ्यांच्या लसीच्या वेळीच करावी, म्हणजे वेगळी फेरी पडत नाही. परंतु बचत म्हणून कुत्र्याचे गोचीडनाशक मांजरास लावू नये. त्यातील परमेथ्रिन कुत्र्यास सोसते, मांजराचा मात्र त्याने जीव जातो. माणसाची तापाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजरास विषच होय. दवाखान्यात नेताना त्यास टोपलीत घालून वरून कापड घट्ट बांधावे. उघडे नेले तर कुत्र्यांना बुजून ते वाटेतच निसटते व मग चार दिवस घरी फिरकत नाही.