नाव झाकून दिलेली चाल

आपले नाव झाले की आपण ते पाटीवर लावतो, पत्रिकेवर छापतो. जपानच्या युमी मात्सुतोया या बाईंनी मात्र एकदा नेमके उलटे केले.

त्यांचा जन्म १९५४ सालचा, तोक्योच्या पश्चिमेकडील हाचिओजी गावचा. माहेरचे आडनाव आराई, घरी किमोनोच्या कापडाचे दुकान. कॉलेजात त्या शिकल्या चित्रकला! १९७३ साली त्यांची पहिली लाँगप्ले तबकडी निघाली, 'हिकोकिगुमो'. म्हणजे विमानामागे आकाशात उमटणारी पांढरी रेघ. याच नावाचे गाणे आहे मृत्यूवरचे, पण त्यात रडारड म्हणून नाही. १९७६ साली संगीतसंयोजक मासाताका मात्सुतोयांशी लग्न झाले. शब्द आणि चाल बायकोची, वाद्यमेळ नवऱ्याचा, असा हा संसार.

१९८२ साली सेइको मात्सुदा या तरुण गायिकेच्या 'आकाई स्वीट पी' या गाण्याला त्यांनी चाल दिली. शब्द ताकाशी मात्सुमोतोंचे. चाल कोणाची? तर 'कुरेता कारुहो' यांची! हे नाव जरा मोठ्याने म्हणून पाहा: ग्रेटा गार्बो. लोकांनी चाल ऐकावी, नाव नव्हे, एवढाच हेतू. गाणे घरोघर पोचले.

आणि २०१३ साली मियाझाकींनी विमानांचे आराखडे करणाऱ्या अभियंत्यावरील आपल्या चित्रपटाच्या अखेरीस वाजवले, ते चाळीस वर्षांपूर्वीचे 'हिकोकिगुमो'च.